जस्तावरचा रंग

आमचा दादा आणि रंगकाम! ज्याने जन्मात भिंतीत खिळा ठोकला नाही, तो रविवारी सकाळी गॅरेजच्या दारावर थाप मारून म्हणतो, "याला रंग द्यायला हवा गं. कोणता देऊ या?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! राहते मी दोन गल्ल्या सोडून, पण माझं पोट दादाच्या घराला लागून असलेल्या या गॅरेजवर. चौदा वर्षं इथे सायकली दुरुस्त करतेय. बाबा गेल्यावर दादाने कागद पुढे केले होते, "घर माझ्या नावावर असू दे, गॅरेज कायम तुझंच." मी वाचलंसुद्धा नाही, सही ठोकली. सख्ख्या भावाचं काय वाचायचं? आणि आता त्याला माझ्या दाराची काळजी वाटली, तर खूश होऊ नको?

जुना रंग मी तीन दिवस खरवडला. खाली जस्ताचा पत्रा निघाला. सायकलींच्या फ्रेम रंगवून रंगवून मला एवढं कळतं, की जस्तावर साधा ऑइल पेंट धरत नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतात. आधी जस्तासाठीचा प्रायमर लावायचा, तो नीट सुकू द्यायचा, मग रंगाचे दोन हात.

हेच मी रंगाच्या दुकानात दादाला समजावत होते. तो आपला शेडकार्डात डोकं खुपसून.

"प्रायमर-बियमर नको. हा राखाडी घे, एक हात मार आणि मोकळी हो."

"अरे, पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतील!"

"निघू देत."

"निघू देत काय? परत खरवडायला कोण येणार, तुझा सासरा?"

दुकानदार हसला. भला माणूस, मध्यस्थी करायला गेला. "ताई, साहेबांचं बरोबर आहे. कालच सांगून गेले ना, शनिवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार म्हणून. तेवढ्यापुरतं चकचकीत दिसलं की झालं. नंतर पापुद्रे निघाले तर घेणारा बघेल."

दादाने शेडकार्ड मिटलं. माझ्याकडे बघेना.

"दादा, घर विकतोयस?"

"बाहेर बोलू."

"गॅरेजसकट?"

"मग गॅरेज काय कापून बाजूला ठेवू? तुला बघू कुठेतरी जागा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. राग आला तो आलाच, वर स्वतःचीच लाज वाटत होती. तीन दिवस गाणी गुणगुणत खरवडत बसले होते मी! हातातला ब्रश काउंटरवर आपटला आणि तडक दादाच्या घरी गेले. म्हटलं, आई अजून आहे. ती धरेल त्याचा कान.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी धापा टाकत दारात उभी राहिले. तिने वर पाहिलं.

"कोणता रंग ठरला गं?"

"आई, दादा घर विकतोय."

तिने पुढची शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"तुला माहीत होतं?"

"झाला महिना."

"आणि मला सांगितलं नाहीस? एका शब्दाने?"

"सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तू दार रंगवून दिलं असतंस का?"