बेलभंडारावरचा हात

इनासने खोटी शपथ घेतली ती शुक्रवारी सकाळी, चावडीत, पाच माणसांच्या देखत. त्याच दिवशी ठरले की सोमवारी करीमला बेड्या घालून गडावर न्यायचे.

इनास सरकारी दारूखान्यात तोफेची दारू तयार करण्याच्या कामावर मुख्य होता. त्याचा बाप वसईकडचा, ख्रिस्ती, गोलंदाज म्हणून पुण्यात आलेला. करीम त्याच्या हाताखाली दारूत पडणारा सोरा शुद्ध करी. सोऱ्यात मीठ असते. तो एकदा उकळून थंड केला की मीठ बरेचसे जाते, सगळे जात नाही. म्हणून दुसरा उकळा द्यावा लागतो. तो न दिला तर उरलेले मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि दारू सर्द होते.

महिन्यापूर्वी एका रविवारी करीम म्हणाला होता, "एकच उकळा झालाय. जिभेला खारट लागतोय अजून. उद्यापर्यंत थांब."

त्या दिवशी नागझरीपलीकडे, सरकारने दिलेल्या जागेवर, ख्रिस्ती लोकांच्या कुडाच्या देवळाच्या छपराचा आढा चढणार होता. इनासला तिथे असायचेच होते. आणि दारूची पिंपे सोमवारी जायची होती.

"चालतंय. घाल," इनास म्हणाला आणि निघून गेला.

पर्वतीपलीकडच्या माळावर चाचणी झाली, तेव्हा गोळा निम्म्या अंतरावरही पोचला नाही. चौकशी दारूखान्याचे कारभारी यज्ञेश्वरपंत यांनी केली. करीमने कुराणावर हात ठेवून जे झाले ते सांगितले. मग पंत इनासकडे वळले.

"तुझ्यासाठी काय आणू रे? तुमचा पाद्री गोव्याहून निघालाय म्हणतात. तो पोचेपर्यंत आम्ही काय वाती वळत बसायचं? हे उचल."

त्यांनी बेलाची पाने आणि चिमूटभर भंडारा असलेले तबक पुढे सरकवले. इनासने बेलभंडार उचलला आणि सांगितले की दुसरा उकळा द्यायला आपण बजावले होते, करीमने आळस केला. आवाज जराही कापला नाही. पाने आणि हळद, त्याने मनात म्हटले. हा देव आपला नाही, तर ही शपथ आपल्याला कशी लागेल?

करीम त्याच्याकडे बघतच राहिला. इनासची नोकरी अठरा वर्षांची, करीमची चार. पंतांनी इनासचे खरे धरले.

घरी आल्यावर बायको, कातरीन, म्हणाली, "करीमभाई असं करतील असं वाटलं नव्हतं हो."

"काम म्हटलं की होतात चुका."

"चूक वेगळी. वर तुमच्यावर ढकलायचं म्हणजे काय?" ती चुलीपुढे बसली होती. "त्यांची सुगराबी आज शेजारून विस्तव न्यायला आली नाही. रोज येते. मीच घेऊन गेले, तर तिने दार लोटून घेतलं. आपण काय केलंय तिचं?"

इनासने पानातली भाकरी तशीच ठेवली.

पाद्री शनिवारी दुपारी पोचला. गोव्याकडचा, किडकिडीत, प्रवासाने पायाला फोड आलेला. नव्या देवळात अजून ओल्या शेणाचा वास होता. त्याने सगळ्यांना जमिनीवर बसवले आणि सांगितले की रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल त्याला दहा आज्ञा म्हणता आल्या पाहिजेत.

इनास पहिला उठला. लहानपणी बापाने त्याच्याकडून त्या पोर्तुगीजमध्ये पाठ करून घेतल्या होत्या, एकेका बोटावर एकेक. त्याने दहाही न अडखळता म्हटल्या. बाकीचे कौतुकाने बघत होते.

"छान," पाद्री म्हणाला. "आता आठवीचा अर्थ सांग."

इनासने उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहिले. शब्द त्याला येत होते. शब्दांच्या आत काय आहे ते कधी कुणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

"मग कसली पाठ केलीस? घरात औषधाची बाटली आहे आणि कुठल्या दुखण्यावरची ते माहीत नाही, तसं झालं हे. माहीत नसलेली आज्ञा पाळणार कशी?" पाद्री सगळ्यांकडे वळला. "आता आपल्या भाषेत ऐका. आठवी अशी, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको."

कातरीन आणि इतर बायका ते पुन्हापुन्हा घोकू लागल्या. इनास उभाच होता.

"पाद्रीबाबा, शेजारी म्हणजे ख्रिस्ती माणूसच ना?"

"तुझ्या घराला लागून कोण राहतं?"

मागून कोणीतरी सांगितले, "करीम सोरेवाला. सोमवारी गडावर जातोय तो."

पाद्रीने इनासच्या तोंडाकडे पाहिले आणि नववी आज्ञा सांगायला घेतली.

सगळे गेल्यावर इनास पापकबुलीसाठी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला. रविवार, आढा, खारट सोरा, चावडी, सगळे क्रमाने सांगितले. शेवटी म्हणाला, "पण मला अर्थ माहीत नव्हता. आणि हात आपल्या देवावर नव्हता."

"आज्ञेत साक्ष खोटी नको असं आहे. हात कशावर ठेवायचा ते काही दिलेलं नाही."

"माहीत नव्हतं, बाबा."

"गळ्यात क्रूस आहे तुझ्या. त्यावर शपथ घेतो असं पंतांना का नाही म्हणालास?"

इनासचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. तबक पुढे आले त्या क्षणी त्याने काय केले होते ते त्याला स्वच्छ आठवत होते. त्याने डाव्या हाताने क्रूस अंगरख्याच्या आत ढकलला होता आणि मगच उजवा हात पुढे केला होता. ज्याला माहीत नसते तो क्रूस लपवत नाही. हे तो कालपासून जाणून होता, आणि कालपासून स्वतःला दुसरेच सांगत होता.

त्याने तेही सांगितले.

"तू देवळासाठी गेलास," पाद्री म्हणाला. "देवाला असलं देऊळ नको होतं. त्याने दहा गोष्टी सांगितल्यात, त्यात आढा चढवायला ये असं कुठेच नाही. कळलं?"

"क्षमा द्या, बाबा."

"क्षमा द्यायलाच बसलोय. पण करीमच्या पायात बेडी घालून तुला मोकळा कसा करू? आधी तिकडे जा. मी कुणाला काही सांगणार नाही, सांगता येत नाही. जायचं ते तुलाच."

रविवारी कातरीनने प्रसाद घेतला. इनास मागे कुडाला टेकून उभा राहिला. ती वळून बघत राहिली. घरी येताना त्याने तिला सगळे सांगितले. ती वाटेतच थांबली.

"आणि मी सुगराबीच्या दारात विस्तव घेऊन उभी होते," ती म्हणाली. एवढेच. घरापर्यंत ती त्याच्या दहा पावले पुढे चालली.

सोमवारी उजाडताच तो चावडीत गेला. करीम अंगणात बसला होता आणि लोहार ऐरण मांडत होता.

यज्ञेश्वरपंतांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे शुक्रवारी आमचा देव खोटा होता, आज तुमचा खरा झाला. मंगळवारी कोणाची पाळी?"

"देव खोटा नव्हता, पंत. मी होतो."

"आणि आज खरा आहेस, हे मी कशावरून मानू? बेलभंडार तर तू विटाळलास."

"शपथ घेत नाही. माझ्या शपथेला आता किंमत नाही. त्या दिवशी 'घाल' म्हणून मी दारूखान्यातून निघून गेलो, देवळावर होतो. सुताराला विचारा, गवंड्याला विचारा. दुपारी करीमने पुन्हा निरोप धाडला होता की सोरा थांबवू का. गवंड्यासमोर मी म्हटलं, थांबवू नको."

पंतांनी शिपाई धाडून गवंड्याला आणवले. त्याला निरोप आठवत होता. इनास चिडला होता, हेही आठवत होते. पंतांनी कारकुनाकडून हुकमातले नाव बदलून घेतले. शिक्षा तीच ठेवली.

"अठरा वर्षांची चाकरी," ते म्हणाले आणि आत गेले.

करीम उठला, अंगावरची माती झटकली. इनाससमोर येऊन थांबला.

"माफ कर असं म्हणायला तोंड नाही," इनास म्हणाला.

"मग म्हणू नको." करीमने त्याच्याकडे नीट पाहिले. "तुला देवळात जायचं होतं, तर एक दिवस मागायचास. मी पंतांना सांगितलं असतं, भट्टी फुटली, पिंपं उद्या जातील. खोटं बोललो असतो तुझ्यासाठी. एवढ्याला कोण नाही म्हणतं?"

"तेही नको होतं, करीम."

"आता कळलं तुला," करीम म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला. बाहेर सुगराबी उभी होती. तिच्या मागे, थोडी दूर, कातरीन. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

लोहाराने हातोडा उचलला. "पाय," तो म्हणाला.

इनासने पाय पुढे केला.