तीनाला तीन

दाजी टाकीत शिरले की मेहुण्याला काम एकच, तोंडाशी बसून जागं राहायचं. सांगायला सोपं आहे. कारखान्याची ती लांबलचक आडवी टाकी आतून रंगवायची होती आणि रंगाची वाफ अशी, की हवा तुटली तर धडधाकट माणूस बघता बघता आडवा व्हावा. म्हणून बाहेर पंखा, पंख्यापासून आत गेलेली जाड नळी आणि दाजींच्या कमरेला दोर. शिवाय दोघांचा नेम ठरलेला: थोड्या थोड्या वेळाने मेहुण्याने पान्याने पत्र्यावर तीनदा ठोकायचं, आतून दाजींनी तीनदा. म्हणजे सगळं ठीक.

सहा वर्षं हेच चाललं होतं. दाजी त्याला बहिणीसमोर ‘कुंभकर्ण’ म्हणायचे आणि तो हसण्यावारी न्यायचा.

त्या दुपारी जेवण अंगावर आलं होतं. पंखा एका सुरात घरघरत होता. आतून तीन ठोके आले आणि मेहुणा दचकला. आपण ठोकलं कधी? काही केल्या आठवेना. हात आपोआप चालला होता. आणि मग त्याच्या मनात आलं, आपला हात असा चालतो, तर दाजींचा?

त्याने मुद्दाम पाच ठोके दिले; भानावर असतील तर दाजी चमकतील.

आतून आले तीन.

त्याने दोन दिले. पुन्हा तीनच, सावकाश.

मग त्याने मागेपुढे पाहिलं नाही. ओरडून पलीकडे काम करणाऱ्या फिटरला बोलावलं, दोघांनी दोर ओढला. दाजी फरपटत बाहेर आले, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. ते ओकले, बराच वेळ धापा टाकत पडून राहिले, मग कुरकुरले, “देत होतो ना उत्तर.”

मेहुणा पंख्याकडे गेला. नळी पंख्यापासून निसटली होती आणि पंखा नुसता भिंतीकडे वारा सोडत होता. तो बसला होता तिथे पाठीमागेच, हाताच्या अंतरावर. कधीची, देव जाणे. त्याला स्वतःची लाज वाटली.

तोवर फिटरने दाजींना सगळं सांगितलं होतं. “वाचवलंस रे,” दाजी म्हणाले.

“नळी माझ्या मागेच निघाली होती. मी वळून पाहिलं नाही.”

दाजींनी कमरेचा दोर सोडला. मग म्हणाले, “हे मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं, दाजी. उद्या पुन्हा तुम्हीच आत जाणार.”