चालून दाखवलं

आईला घरीच ठेवायची तर ती चालती झाली पाहिजे, एवढं धाकटीच्या मनानं घेतलं होतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून, कुशीवर वळवून धाकटीच्या पाठीचा भुगा झाला होता. परगावचा दादा फोनवर एकच टुमणं लावून बसला होता: वृद्धाश्रम. शेवटी त्यानं शब्द दिला, "तिथल्या मेट्रनबाई बघून जातील. त्या नको म्हणाल्या तर पुन्हा विषय काढणार नाही."

धाकटीनं सरळ विचार केला. जी बाई हिंडती-फिरती आहे, तिला आश्रमात कोण कशाला नेईल?

आईची हयात शाळेत कवायत शिकवण्यात गेलेली. धाकटीनं तिचंच शस्त्र तिच्यावर चालवलं. कामावर जायच्या आधी स्वतःच्या कंबरेला पट्टा आवळायची नि म्हणायची, "बाई, सावधान! चाललात तर घर, नाहीतर आश्रम."

"तू शिकवणार मला? आधी पाठ ताठ कर, मग हुकूम सोड," आई कण्हत म्हणायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण पाऊल टाकायची. आधी खाटेपासून खुर्चीपर्यंत, मग दारापर्यंत. मागे धाकटी, ओठांत देवाचं नाव.

मेट्रनबाई आल्या, सोबत दादा. बाई स्वभावानं गोड. आईची पाठ पाहिली, एक जखम नाही म्हणून धाकटीचं कौतुक केलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन दादाला म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं कमी. अंथरुणावरचा पेशंट घेत नाही आम्ही. आपल्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे, एवढीच अट."

ते ऐकून धाकटी आत धावली, पण दादा नि मेट्रनबाई मागोमाग आलेच.

"आई, जरा चालून दाखवतेस?" दादा म्हणाला.

"राहू दे, आई. आज पाय दुखतोय ना तुझा?"

"दुखतो तर! रोजच दुखतो." आईनं तिला हळूच डोळा मारला. "घाबरू नकोस. तुझं नाक नाही कापायची मी. हात सोड."

आई उठली. जबडा घट्ट आवळून, मान ताठ ठेवून निघाली. दाराशी तिचा तोल गेला. पड, पड ग आई, असं धाकटीच्या मनात आलं. ज्या देवाकडे रोज आईचे पाय मागितले, त्याच्याकडेच तिनं आईचं पडणं मागितलं. आई चौकट धरून सावरली. बाथरूमपर्यंत गेली, आणि कुणी न सांगता परतही आली.

"शाब्बास, आजी!" मेट्रनबाई म्हणाल्या. बाहेर जाताना दादाला हलकेच सांगितलं, "सोमवारी आणा."

दादानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "कमाल केलीस ग. मला वाटलं, तूच आडवी येशील."

ते गेल्यावर धाकटी आईच्या पायाशी बसून पाय चेपू लागली. आईचा श्वास अजून खाली बसला नव्हता, पण चेहरा फुलला होता.

"गेल्या एकदाच्या! आता परत फिरकायच्या नाहीत. जाताना त्या सोमवारचं काय म्हणत होत्या ग?"

धाकटीचे हात थांबले नाहीत. "काही नाही. दादा येणारेय."

"येऊ दे की," आई म्हणाली. "जाताना त्याला दारापर्यंत सोडायला मी जाईन."