साडेतेवीस किलो

"यंत्र ढिलं झालंय तुमचं, काका. मान्य करा आणि विषय संपवा."

फोनवर उलटी टोपी होता. म्हणजे टेनिस खेळणाऱ्या भिंगरीचा नवा कोच. टोपी कायम उलटी घालायचा, म्हणून दुकानात त्याचं हेच नाव पडलं होतं. जाळीवाल्याने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडेच एकदा खाऊ की गिळू असं पाहिलं आणि परत कानाला लावला.

"सव्वीस वर्षं रॅकेटला जाळी घालतोय मी. दर सोमवारी वजन टांगून यंत्र तपासतो. पाव किलोचा फरक निघत नाही."

"मग इथे कसा निघतोय? रॅकेटवरच्या तुमच्या चिठ्ठीवर पंचवीस किलो लिहिलंय. इथल्या माणसाने पंचवीसच ताण दिला, मी समोर उभा होतो. ही म्हणते, फळी घेऊन खेळल्यासारखं वाटतंय. चेंडू आखूड पडतोय, खांदा दुखतोय. उद्या समोर जगातली दुसऱ्या नंबरची आहे. किलोभर ढिलं आहे की दोन किलो, तेवढं सांगा. तेवढं कमी करून घेतो."

"माझं यंत्र ढिलं नाही."

"म्हणजे हिच्या डोक्यात आहे."

"तुझ्या टोपीखाली बघ आधी काय आहे ते," जाळीवाला म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याची बायको शिलाई मशीनवर पॅन्टींची उंची कमी-जास्त करून द्यायची. तिने मान वर केली नाही. "कोणावर ओरडताय?"

"नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं," तो म्हणाला.

खरी गोष्ट अशी की अंगण वाकडंच होतं, आणि वाकडं यानेच केलं होतं. यंत्राबद्दल तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता. खोटं होतं ते चिठ्ठीवर.

भिंगरी चौदा वर्षांची असताना कुठेतरी वाचून आली होती की मोठे खेळाडू पंचवीस किलोवर खेळतात. झालं, हिलाही पंचवीस हवं. हात काडीसारखे, खांदा सुजलेला, डॉक्टर म्हणतोय विश्रांती घे आणि ही पाय आपटतेय. याने "बरं बाई" म्हणत साडेतेवीस किलोवर जाळी घातली आणि चिठ्ठीवर पंचवीस लिहून टाकलं. आठवड्याने पोरगी नाचत आली. काका, हात दुखत नाही, बघा, पंचवीसच बरोबर होतं. तेव्हा त्याला हसू आलं होतं. लबाडी केली, पण पोरीचं भलं झालं. पुढच्या वेळी सांगू म्हणाला, आणि मग सांगण्याजोगी वेळ काही आली नाही. अशी सहा वर्षं गेली. दर वेळी साडेतेवीसवर ओढायचं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात पंचवीस लिहायचं. दुसऱ्या कोणाकडे ती जाळी घालायला कधी गेलीच नाही.

या मोठ्या स्पर्धेला जाताना तिने आठ रॅकेट्स त्याच्याकडून करून नेल्या होत्या. त्यांच्यावर तिने आधी एकोणिसाव्या नंबरचीला हरवलं, मग नवव्या नंबरचीला. पेपरात फोटो आला. जाळीवाल्याने तो दारावर चिकटवला आणि जो येईल त्याला दाखवला. पण दोन सामन्यांत त्या आठही जाळ्या झिजून संपल्या. तिथल्या माणसाने नव्या घातल्या, आणि त्या बिचाऱ्याने चिठ्ठी वाचून इमानाने पंचवीसच ओढलं.

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? यंत्र ढिलं म्हणावं तर सव्वीस वर्षांच्या कामाला काळं फासायचं. यंत्र नीट आहे म्हणावं तर आपण सहा वर्षं त्या पोरीशी खोटं बोललो. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि सकाळी उठला तो उलट्या टोपीला शिव्या घालतच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, याचा तर सुंभही अजून शाबूत होता.

सामना दुपारी लागला. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर भिंगरी दिसली आणि जाळीवाला हातातलं काम टाकून पुढे सरकला. ती मारत होती जीव तोडून, पण प्रत्येक चेंडू मैदानाच्या मध्यात पडत होता, आणि समोरची पुढे येऊन तो आरामात कोपऱ्यात टाकत होती. पहिला सेट सहा-एक. खुर्चीवर बसल्यावर भिंगरीने उजवा खांदा धरला.

"मोठं नाव पाहून दबून गेली आहे ही मुलगी," टीव्हीवर समालोचन करणारा बोलका म्हणाला. "अनुभव कमी पडतोय."

"तुझ्या बापाने अनुभव घेतला होता का?" जाळीवाला ओरडला. "चौदाव्या वर्षापासून बघतोय तिला मी. दबणारी आहे का ती?"

शिलाई मशीन थांबलं. "त्या डबड्यावर कशाला ओरडताय? कालपासून बघतेय मी. काय केलंत तुम्ही?"

त्याने सांगितलं. दोन वाक्यांत संपलं, सहा वर्षांचं प्रकरण.

बायकोने मशीनवरची पॅन्ट बाजूला ठेवली. तिला राग आला की ती आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. "माझ्याकडे एखादी येते, कंबर घट्ट करा म्हणते. मला दिसतं हिला श्वास घेता येणार नाही. मी तिला तोंडावर सांगते. तरी हवीच म्हणाली तर घट्ट करून देते. कंबर तिची आहे." तिने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात ठेवला. "लावा."

"सामना चालू आहे."

"म्हणूनच लावा."

भिंगरीची आई प्रेक्षकांत कोचशेजारी बसली होती. तिने तिसऱ्या खेपेला फोन उचलला.

"वहिनी, कोचला सांगा, रॅकेट्स आत पाठवून नव्या जाळ्या घालून घ्या. साडेतेवीस किलो. पंचवीस नाही, साडेतेवीस."

"भाऊ, तुम्ही तर काल म्हणालात..."

"यंत्र बरोबरच आहे. मीच साडेतेवीस ओढून पंचवीस लिहीत होतो. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?" ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

टीव्हीवर आई कोचच्या कानाला लागलेली दिसली. कोच खाली वाकून भिंगरीशी काहीतरी बोलला. भिंगरीने वर पाहिलं, तीन रॅकेट्स काढून चेंडू उचलणाऱ्या मुलीजवळ दिल्या आणि खेळायला गेली. दुसऱ्या सेटमध्ये ती चार-एक मागे पडली तेव्हा रॅकेट्स परत आल्या.

मग तिचे चेंडू मागच्या रेघेपाशी पडायला लागले. समोरची एक पाऊल मागे सरली, मग दोन. चार-चार झालं. सेट भिंगरीने सात-पाच असा घेतला.

"धीर आला मुलीला," बोलका म्हणाला.

"धीर नाही रे गाढवा, दीड किलो," जाळीवाला पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्याला राग येत होता.

तिसऱ्या सेटमध्ये खांद्याला पट्टी बांधावी लागली. चार-चारनंतर तिची सर्व्हिस नेटपलीकडे जाईना. सहा-चारने सामना गेला. दुसऱ्या नंबरचीने हात मिळवताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि भिंगरी पिशवी डाव्या खांद्यावर टाकून निघून गेली.

सामन्यानंतर अकराव्या दिवशी ती दुकानात आली. नेहमी यायची तेव्हा पिशवी टेबलावर भिरकावून ती सरळ बायकोच्या बाजूला जायची, पाय वर घेऊन गप्पा मारत बसायची. यंत्राकडे कधी पाहायचीसुद्धा नाही. आज तिने आठही रॅकेट्स एकेक करून टेबलावर ठेवल्या.

"चौदाची होते तेव्हाचं समजू शकते," ती म्हणाली. "अठराची झाले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुझा खांदा..."

"माझा खांदा ना? मग मला सांगायचं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी कोच म्हणाला, तुझ्या डोक्यात आहे. मी खोलीत आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या दिल्या, काका. मला वाटलं मी भित्री आहे. आणि तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही फोनवर होतात आणि तुम्हाला ठाऊक होतं."

बायकोने त्याची बाजू घेतली नाही. त्याने पहिली रॅकेट उचलून यंत्रात बसवली, चिठ्ठी पुढे ओढली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खरोखर विचारलं, "किती?"

"चोवीस."

साडेतेवीस त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. "अर्धा किलो जास्त आहे, माझ्या मते," तो म्हणाला.

"ऐकलं. चोवीस."

त्याने चोवीस लिहिलं. भिंगरीने स्टूल ओढलं आणि ती बसली. बायकोच्या बाजूला नाही, इथे, यंत्रासमोर. तिथून तिला ताण दाखवणारा काटा नीट दिसत नव्हता. ती मान वाकडी करून पाहू लागली.

जाळीवाला थांबला. त्याने टेबलावरचं ते जड यंत्र दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि काट्याची बाजू तिच्याकडे केली. मग पहिली तार ओढली आणि ती काटा वाचेपर्यंत वाट पाहिली. तिने मान हलवल्यावर तो दुसऱ्या तारेकडे वळला.