हिरव्या बाईची खुर्ची

आमच्या गावच्या पडक्या किल्ल्यात एक भूत आहे आणि माझं त्या भुताशी लग्न झालेलं आहे. त्याआधी ते भूत माझी सासू होतं.

गोष्ट अशी सांगतात की मेजवानीत दारूच्या नशेत किल्ल्याचा धनी तोंडावर आपटला तो थेट सुपाच्या भांड्यात, आणि त्याची बायको खो खो हसली. त्यानं तिला बुरुजात कोंडून मारलं. तेव्हापासून ती हिरव्या झग्यात दरवाज्यापाशी बसते. तिला जो हसवील तो तिला सोडवतो, पण मग त्यालाच तिच्या जागी बसावं लागतं. अशी गोष्ट असल्यावर आमचं गाव गप्प बसणार थोडंच! दर हॅलोविनला, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाला, दुपारी पोरं सोंगं घेऊन किल्ल्यावर येतात. दोरीला टांगलेला काकवीनं माखलेला स्कोन, म्हणजे गोडसर जाड पाव, हात पाठीमागे धरून खायचा, मग हिरव्या बाईचं सोंग घेऊन खुर्चीत बसलेल्या बाईपुढे गाणं, नक्कल, विनोद, काय येईल ते करून दाखवायचं, तेव्हा खाऊ. शहरात म्हणे नुसतं दार वाजवलं की मिळतो. आमच्याकडे ऐतखाऊंना थारा नाही.

माझ्या सासूबाई त्या खुर्चीत कधी म्हणजे कधी हसल्या नाहीत. त्या गेल्या आणि माझी बायको नेटा बसायला लागली. पहिल्याच वर्षी तिची बहीण इशबेल पोस्टाच्या रांगेत चारचौघांत म्हणाली, "नेटाला आईसारखं नाही जमत. भूत कसलं, उकडलेला कोबी दिसते."

झालं! तेव्हापासून दोघींत विस्तव जात नाही. घरं समोरासमोर. इशबेलचा नवरा टॅम आणि मी लहानपणापासूनचे दोस्त, तर आम्हाला आता डॉमिनो खेळायला कबरस्तानाच्या भिंतीमागे जावं लागतं. दोन म्हातारे, चोर असल्यासारखे. नेटा मात्र रात्री समोरच्या घरातला दिवा विझेपर्यंत खिडकीतून हलत नाही. विचारलं तर म्हणते, "हवा बघतेय." रोज तीच हवा! मला तिची दया येते आणि रागही येतो.

यंदा नेटा खुर्चीत बसली ती दात आवळूनच. "हसले तर खुर्ची गेली, आर्ची. मग इशबेल अख्ख्या गावाला सांगत फिरेल."

मी दोरी धरून उभा होतो, माझं कामच ते. पोरांमागून पोरं आली. एकानं काखेतून आवाज काढून दाखवला. माझी हसून पुरेवाट, नेटा ढिम्म. आणि मग रांगेत खेकडा दिसला. खेकडा म्हणजे टॅमची नात मिरेन. तिचा हात धरून उभी होती खुद्द इशबेल. टॅमची म्हणे ऐनवेळी कंबर धरली. सकाळी कबरस्तानात तर चांगला उड्या मारत होता लेकाचा.

"मी नाही करणार," खेकडा म्हणाला. "आधी आजी."

"चल गं, गाणं म्हण आणि मोकळी हो," इशबेल म्हणाली. नेटाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"आधी आजी!"

मागून गावचा खाटीक ओरडला, "रांगेत आलं की करून दाखवायचं, नियम म्हणजे नियम, इशबेल! का भुताला घाबरलीस?"

चर्चच्या गायनात पहिल्या ओळीत उभी राहणारी बाई ती. घाबरली म्हटल्यावर ऐकते कशाला? टोपी काढून तिनं माझ्या हातात दिली, हात पाठीमागे घेतले आणि स्कोनवर झडप घातली. आता दोरी मी जरा हलवली असेन, नाही म्हणत नाही. स्कोन गालाला लागला, नाकाला लागला, फिरून आला आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर जाऊन चिकटला. तशीच ती खुर्चीपुढे ताठ उभी राहिली आणि भजन म्हणायला लागली. काकवी हनुवटीवरून गळत होती. कुणाची हसायची छाती होईना.

नेटाच्या नाकपुड्या थरथरल्या. पण ती टिकली. पाठ तेवढी वाकली.

भजन मध्येच थांबलं. आणि इशबेलच्या तोंडून आमच्या सासूबाई बोलल्या, अगदी तोच खरखरीत आवाज. "नेटा, पाठ सरळ कर! भूत आहेस, बटाट्याचं पोतं नव्हेस!"

नेटा फुटली. पोट धरून अशी हसली की बुरुजावरचे कावळे उडाले. पोरांनी एकच गिल्ला केला. नेटानं डोळे पुसले, उठली, हिरवी ओढणी बहिणीच्या डोक्यावर घातली आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

सगळी पोरं आटपल्यावर तिची पाळी आली. स्कोनला तिनं तोंड लावलं नाही.

"तुझं खरं होतं," ती म्हणाली. "मला आईसारखं नाही जमत."

"आईला तरी कुठं जमत होतं?" इशबेल म्हणाली. "ओढणी नाकापर्यंत ओढून हसायची ती, बरगड्या दुखेपर्यंत. घरी येऊन मला सांगायची."

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिच्याकडे देवाकडे बघावं तशी बघायचीस. तिला धीर झाला नाही."

"मग मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले ती कशासाठी, गाढवे?"

त्यावर इशबेल हसली, तिला बघून नेटा हसली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून कुठं हसत होत्या नि कुठं रडत होत्या देव जाणे. काकवी दोघींच्या केसांत.

"दोघी हसल्या!" मिरेन ओरडली. "आता बसणार कोण?" आणि तिनं नांगी माझ्याकडे केली.

बायकोनं ओढणी माझ्या डोक्यावर टाकली, आणि दोघी हातात हात घालून टेकडी उतरून गेल्या. एकीनंही वळून बघितलं नाही. तेवढ्यात उशिरा आलेला एक छोटा चेटकीण होऊन समोर उभा राहिला आणि त्यानं विनोद सांगितला. मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. मी त्या दोघींकडे बघत होतो.

"आई," पोरगं मागे सरकत म्हणालं, "या भुताला दाढी आहे. आणि ते रडतंय."