राणीला दिलेला चेहरा

कारखान्यात थोरामोठ्यांच्या बाहुल्या बनत. तलवारवाले राजे, दुर्बीणवाले पंडित, दर्यावर्दी, तत्त्ववेत्ते. धड बोटभर, डोकं लिंबाएवढं, आणि मधे मानेला स्प्रिंग. टिचकी मारली की भला जगज्जेताही ‘हो हो, बरं बरं’ करत डोलू लागे. “लग्न झालं वाटतं ह्याचं,” म्हणून रंगकामाच्या बायका खिदळत. मूळ चेहरे मेणात घडवायचं काम मात्र एकट्या मास्तरांचं.

मालकाला एक फार जुनी राणी हवी होती. “तिचं चित्र कुठंच नाही, मास्तर. नाण्यावर नाही, दगडावर नाही. तुम्हाला सुचेल तो चेहरा द्या.”

मास्तरांना दुसरं सुचणार तरी काय? त्यांची लेक बिट्टी तेव्हा नाहीशी झालेली. त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसून ती बाहुल्या घासायची. घासता घासता म्हणायची, “बाबा, मला नाही जन्मभर इथं बसायचं.” ते म्हणायचे, “बघू.” एका सकाळी बाक रिकामा. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातलगांचे उंबरे झिजवून झाले. पोर आपणहून जाईल हे मास्तरांच्या मनाला शिवलंच नाही. कुणी नेली असेल, कुठं अडकली असेल, वाट पाहत असेल.

त्यांनी राणीला बिट्टीचा चेहरा दिला. भुवईतली चीर, शेंड्याला उचललेलं नाक, खालच्या ओठाची दुमड. मुकुट राणीचा, मुद्रा लेकीची.

“दुकानादुकानांत जाईल ती,” ते बायकोला म्हणाले. “कुणाच्या टेबलावर, कुणाच्या गाडीत. कुणीतरी म्हणेलच, अरे, ही पोर मी पाहिलीय.”

“अहो, पण सांगेल कुणाला?”

“खोक्यावर कारखान्याचा पत्ता असतो की.”

राणी धो धो खपली. निरोप मात्र कुणाचा नाही. खूप दिवसांनी मास्तरांच्या नावाने एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत जुन्या कापडात गुंडाळलेली राणी. मुकुट शाबूत, गळ्यातला हार शाबूत, चेहरा नाही. अंड्यासारखा गुळगुळीत घासून काढलेला. स्प्रिंगमध्ये डिंक भरलेला. टिचकी मारली तरी मान हलेना.

“कुण्या कार्ट्याचा वात्रटपणा,” रंगकामाची मावशी म्हणाली.

मास्तरांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. कार्ट्याचं काम असतं तर ओरखडे उठले असते. इथं ओला पॉलिश पेपर लहान लहान गोलांत फिरला होता. आधी जाड, मग बारीक, शेवटी नुसतं कापड. कानाची पाळी सांभाळून, मुकुटाच्या कडेला धक्का न लावता. असं घासायला त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं.

बिट्टी होती. धडधाकट होती. आणि तिला सापडायचं नव्हतं.

ते तसेच मालकाकडे गेले. “राणी बंद करा.”

“डोकं फिरलं का, मास्तर? बाकीचे राजे धूळ खातायत, ही एकटी आपल्या सगळ्यांना पोसतेय. उलट मी तिला मोठ्या आकारात काढणार आहे. चला, नवं मेण घ्या.”

घरी बायकोने ती बाहुली हातात घेतली. गालाच्या जागी गाल शोधला, ओठाच्या जागी ओठ. “हात थरथरलेला नाही तिचा,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे पोटभर जेवत असेल.” मग थोड्या वेळाने, “रागाने नाही हो केलेलं हे. रागात माणूस फोडून टाकतं.”

“रागाने केलं असतं तर बरं झालं असतं,” मास्तर म्हणाले. “राग उतरतो तरी.”

बाजारात गेलेल्या राण्या परत बोलावता येणार नव्हत्या. ज्या अजून निघायच्या होत्या, त्यांचं तोंड मात्र मास्तरांच्या हातात होतं. मालकाच्या हुकमाप्रमाणे बाकावर नव्या मेणात मोठ्या आकारातली बिट्टी तयार होती. इतकी जवळ, की हाक मारावी. त्यांनी कोरणी गरम केली. भुवईतली चीर बुजवली. नाकाचा शेंडा दाबताना हात मागे आला, पुन्हा पुढे गेला. ज्या बोटांनी न्हाऊ घातलं, डोळ्यांतला साबण पुसला, त्याच बोटांनी लेक पुसायची. ओठाची दुमड सरळ केली तेव्हा समोर कुणीतरी हसरी बाई उरली. ह्या चेहऱ्याचा माग काढत कुणी बिट्टीच्या दारात जाऊन उभं राहणार नव्हतं. ते स्वतःही नाही.

साच्याला देण्याआधी ते मेणाचं डोकं त्यांनी घरी नेलं. बायकोने ते ओंजळीत धरलं. खिडकीच्या उजेडात इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

“कोण ही?”

“राणी.”

ती बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली. मग डोकं त्यांच्यापुढे धरलं. “घ्या. माझ्या हाताच्या उबेने मऊ पडायला लागलीय.”