परत आणल्याशिवाय सही नाही

आमच्या प्रसूतिगृहातल्या सगळ्या वायरी मी टाकल्या. एका भिंतीत तर इतक्या कोंबल्या होत्या, की पुढे ती भिंत पाडली तेव्हा ती पडलीच नाही. दोन दिवस नुसती लोंबकळत राहिली, आणि शेवटी गवंड्यांना कात्र्या मागवाव्या लागल्या. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं. पुढची हकीकत मात्र खोटी धरू नका. तिच्यात चूक माझी आहे, आणि स्वतःची चूक कोणी हौसेने रचून सांगत नाही.

हकीकत माझ्या मेव्हणीची. तिला सगळे नोंदबाई म्हणत. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद तिच्या डेटाबेसमध्ये असे: आई कोण, दिवस कोणता, वेळ काय, वजन किती. तीस वर्षांची एक लाख बारा हजार मुलं. शाळेत नाव घालायचं असो की देशाबाहेर जायचं असो, माणूस तिच्या खिडकीशी येऊन उभा राही आणि म्हणे, "मी जन्मलोय, एवढा दाखला द्या." तिच्या यादीत नसलेला माणूस समोर धडधाकट उभा असला तरी कागदाच्या लेखी अजून यायचाच असे.

हा डेटाबेस ज्या सर्व्हरवर होता तो म्हातारा झाला होता. त्याचा पंखा इतका जोरात फिरे की शेजारच्या खोलीतल्या फायलींची पानं आपोआप उलटत. तिथला एक कारकून हात न लावता तेवढं वाचून बढतीची परीक्षा पास झाला. पण पंखा पळायचा आणि मशीन रांगायचं. एक नाव शोधायला सांगितलं की बाळाचा पाळणा हलवून, त्याला झोपवून यावं, तरी पडद्यावर चकती फिरतेच आहे.

नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी ठरवलं, हे मशीन काढायचं. साहेबांची जीभ इतकी गुळगुळीत, की समोरचा माणूस घसरून होकारावरच आपटायचा. त्यांचा बेत साधा होता. सोमवारी दुपारी बारा वाजता अध्यक्षबाई पाहुण्यांसमक्ष जुन्या सर्व्हरचं बटण बंद करणार. लगेच त्याची डिस्क पुसायची आणि मशीन भंगारात द्यायचं. नवं मशीन पुढच्या आठवड्यात बॅकअपच्या पेटीतून भरायचं.

ही पेटी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा डबा, आत चार डिस्क. ती मुद्दाम पलीकडच्या इमारतीत ठेवली होती. इकडे आग लागली तरी तिकडे प्रत शाबूत राहावी म्हणून. डेटाबेसची एक प्रत रोज माझ्या वायरीवरून तिच्यात जाई आणि सकाळी सगळ्यांना मेल येई: बॅकअप यशस्वी. शेजारी हिरवी खूण.

सोमवारी साडेनवाला साहेब एक कागद घेऊन आले. मी टेबलाखाली वायर बांधत होतो.

"बाई, इथे सही. बॅकअप सुरक्षित असल्याची खात्री केली आहे, एवढंच लिहिलंय."

"परत आणून पाहिलाय?" नोंदबाईने विचारलं.

"काय परत आणून?"

"बॅकअप. पेटीतून काढून रिकाम्या मशीनवर उभा करून पाहिलाय का कोणी?"

"अहो बाई, रोज हिरवी खूण येते. तीन वर्षांत एकदा लाल नाही!"

"म्हणूनच विचारतेय. तीन वर्षांत एकदाही न चुकलेलं इथे दुसरं काय आहे? लिफ्ट? पाण्याचा पंप? तुम्ही?"

टेबलाखाली मला हसू फुटलं आणि डोकं वर आपटलं. साहेबांनी वाकून पाहिलं.

"तारवाले, बरे सापडलात. तुमच्या मेव्हणीला समजवा जरा."

"साहेब, तिच्या थोरल्या बहिणीला मी बत्तीस वर्षं समजावतोय. आणि दोघींत मवाळ ती आहे."

"भावोजी, तुम्ही वायर बांधा," नोंदबाई म्हणाली. मग साहेबांकडे वळून: "हिरवी खूण म्हणजे काम करणारा घरी गेला, एवढंच. काम झालं की नाही ते खुणेला काय ठाऊक? परत आणून दाखवा, सही देते."

"पाहुणे बाराला येणार आहेत."

"या म्हणावं. चहा घेऊ."

साहेबांच्या जिभेवरचं तेल संपलं. "सही नसेल तर उद्यापासून ही खुर्चीही नसेल, बाई."

"खुर्ची न्या. मी उभी राहून नाही म्हणेन."

आता आलं माझ्यावर. साहेबांना वाटलं, हिला दाखवूनच टाकू आणि गप्प करू. माझीही छाती फुगलेली, कारण पेटी माझी, वायर माझी. शिकवणीच्या खोलीतलं एक रिकामं मशीन आणलं, पेटीतली सगळ्यात शेवटची प्रत काढली आणि त्यावर चढवायला घेतली. त्या प्रतींना आम्ही नुसते क्रमांक दिले होते, तारखा नाही. एवढी अक्कल आम्ही चौघांनी तासभर बैठक घेऊन चालवली होती. क्रमांक मोठा दिसला, मी खूश.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डेटाबेस उभा राहिला. दारात बघ्यांची गर्दी झाली होती.

"आता माणसं शोधायची," नोंदबाई म्हणाली. "आकडे नकोत, माणसं. ज्यांना आपण चालताबोलताना पाहिलंय अशी. कोण येतंय पुढे?"

फाटकावरचा पहारेकरी पुढे सरकला. "माझ्या जुळ्या बघा. सात वर्षांच्या आहेत."

दोघी सापडल्या. सहा मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या, धाकटी वजनाने जास्त.

"तरीच ती थोरलीला दाबते," पहारेकरी म्हणाला.

मग मोठ्या परिचारिकेचा मुलगा शोधला. बारा वर्षांचा. तोही सापडला. साहेबांनी खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. "झालं समाधान? आता करा."

"अजून एक. तुमची मुलगी इथेच झाली ना, साहेब?"

"हो. दोन वर्षं झाली."

तिने नाव टाकलं. काही नाही. आईचं नाव टाकलं. काही नाही. दिवस टाकला. त्या दिवशी प्रसूतिगृहात कोणीच जन्मलेलं नव्हतं. आदल्या दिवशीही नाही. तिने शेवटची नोंद काढली. ती तीन वर्षांपूर्वीची होती, भर दुपारी जन्मलेला एक मुलगा. त्याच्यापुढे जगात मूल म्हणून झालेलं नाही.

पोटुशी असलेली एक बाई तपासणीला जाता जाता थांबली होती. तिने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आमचं तरी लिहिणार ना?"

नोंदबाईने जुन्या सर्व्हरवर नोंदी मोजल्या आणि परत आणलेल्या प्रतीतल्या मोजल्या. अकरा हजार दोनशे सहा मुलांचा फरक. ती आता फक्त त्या रांगणाऱ्या मशीनमध्ये होती. आणि त्याची डिस्क पुसायला जेमतेम अर्धा तास उरला होता.

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या कानाशीच, मी पुन्हा टेबलाखाली शिरलो होतो.

"बाई, माझ्या मुलीची तेवढी नोंद नव्या मशीनमध्ये हाताने घालून टाका. बाकीच्यांचं पुढे बघू. आत्ता सही करा."

ती बोलली, आणि हळू अजिबात बोलली नाही.

"साहेब, तुमची मुलगी मला हवीच आहे. पण ती त्या अकरा हजारांबरोबर येईल. एकटी नाही येणार."

दारातल्या गर्दीने ते ऐकलं. साहेब लाल झाले. त्या दिवशी लाल खूण तेवढीच पाहायला मिळाली.

इकडे मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी रंगकाम निघालं होतं. मी सगळं सोडवलं, रंग वाळल्यावर सगळं पुन्हा जोडलं, वायरीचा दिवा लागलेला पाहिला आणि घरी गेलो. पण सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला की पेटी त्याला नव्याने जोडून द्यावी लागते. नुसत्या वायरीने भागत नाही, तसा आदेश द्यावा लागतो. तो मी दिला नव्हता.

"भावोजी, तोंड असं का झालंय?"

"अगं, असं समज, टेबलाचा खण बाहेर काढून ठेवला, पण कारकून रोज सवयीने तिथेच कागद टाकतोय. खण नाही, तरी कागद पडतात कुठे? टेबलाच्या पोटात. पेटीच्या नावाचा रिकामा फोल्डर सर्व्हरवरच होता. तीन वर्षांच्या प्रती त्यात साठल्यात."

"आणि आज बाराला आपण टेबलच भंगारात देणार होतो."

"हो."

तिने तो फोल्डर उघडला. हजाराच्या वर प्रती होत्या, डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. म्हणजे म्हाताऱ्याला मरगळ वयाने आली नव्हती. त्याला आम्ही चारून चारून जड केला होता.

"चूक कोणाची आहे?" साहेब पुढे सरसावले. त्यांना बकरा हवाच होता.

मी टेबलाखालून बाहेर आलो. वय पाहता त्याला थोडा वेळ लागला, त्यामुळे प्रसंगाला उगाच थाट आला. "माझी," मी म्हणालो. "लेखी हवी असेल तर लेखी देतो. पण साहेब, तीन वर्षांत ही प्रत एकदा जरी कोणी परत आणून पाहिली असती, तर चूक सोमवारची मंगळवारी सापडली असती. आणि ते विचारणारी बाई आज सकाळी खुर्ची गमावत होती."

बाराला अध्यक्षबाई आल्या, मागे पाहुणे. साहेब हात जोडून पुढे धावले. "सर्व तयार आहे, आपण फक्त बटण..."

नोंदबाई सर्व्हरसमोर उभी होती. तिने तोच कागद अध्यक्षबाईंच्या हातात दिला. सहीच्या जागी तिने लिहिलं होतं. अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला आणि सवयीने मोठ्याने वाचलं: "बॅकअप परत आणून पाहिला. तीन वर्षं त्यात नाहीत. अकरा हजार दोनशे सहा मुलं पुसली जातील. सही देत नाही."

"हे काय आहे?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"किरकोळ तांत्रिक..."

"मला विचारा," नोंदबाई म्हणाली. "आज हे मशीन बंद होणार नाही."

"मग कधी होईल?"

"दोन ठिकाणी प्रत जाईल, दोन्हीकडून परत आणून पाहू, मोजदाद जुळेल, तेव्हा. तारीख मी देणार नाही. तारीख दिली की लोक तारखेला सही मागतात."

अध्यक्षबाईंनी पाहुण्यांकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. त्यांनी बटणाला हात लावला नाही. "चहा तरी आहे का?" त्यांनी विचारलं, आणि समारंभ तेवढ्यावर आटोपला.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिला लेखी विचारलं, आदेश का मोडला. तिने उत्तराला अकरा हजार दोनशे सहा नावांची यादी जोडली. ती यादी साहेबांच्या टेबलावर ठेवायला हातगाडी लागली, आणि टेबलाचा एक पाय त्या दिवसापासून वाकडा आहे. मला नोटीस आली, तिच्यावर मी सही केली. ती रास्त होती.

सहा दिवस आम्ही काम केलं. प्रतींना क्रमांकांऐवजी तारखा दिल्या. पेटीत खुणेची एक फाईल ठेवली आणि रोज प्रत पाठवणाऱ्या प्रोग्रामला बजावलं: ही फाईल दिसली नाही तर पेटी जोडलेली नाही असं समज, एक अक्षर लिहू नकोस, बोंब मार. सर्व्हर चालू झाला की पेटी आपली आपण जोडली जाईल असंही करून ठेवलं. दुसरी प्रत तिसऱ्याच इमारतीत पाठवली. दोन्हीकडच्या प्रती परत आणल्या, मोजल्या. एक लाख बारा हजार चारशे बारा. जुळलं.

शनिवारी दुपारी साहेब नवा कागद घेऊन आले. बरोबर मोठी परिचारिका, पहारेकरी आणि मी. सगळ्यांचे डोळे तिच्या पेनकडे.

तिने पेनचं टोपण काढलं आणि थांबली.

"भावोजी, सर्व्हर बंद करा."

"आता? अगं, सगळं जुळलंय!"

"चालू असताना जुळलंय. तुमची पेटी सुटली होती ती बंद करून चालू केल्यावर. बंद करा."

मी बंद केला. साहेब घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मी चालू केला. पंखा घरघरला, चकती फिरली. पेटी आपली आपण जोडली गेली. खुणेची फाईल दिसली. मी एवढा मोठा श्वास सोडला की साहेबांच्या हातातला कागद उडाला. पहारेकऱ्याने तो पकडून पुन्हा टेबलावर ठेवला.

"आता तरी?" साहेब म्हणाले.

तिने पेनला टोपण लावलं.

"आता पेटीची वायर काढा," ती मला म्हणाली. "बोंब मारते का ऐकू दे."